गाडीची हेडलाइट बंद पडली? बल्ब आणायला पळण्याआधी हे बघा

समजा, तुम्ही रात्री बेंबळीहून धाराशिवला निघालात आणि उजवी हेडलाइट बंद आहे. बराच वेळ तुमच्या लक्षातही येणार नाही, कारण डावीच्या उजेडात रस्ता दिसतच राहतो. पंचाईत समोरून येणाऱ्याची होते. अंधारात एक दिवा म्हणजे मोटारसायकल, असा त्याचा साधा हिशेब असतो. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणजे उजवी लाइट रस्त्याच्या मधल्या अंगाची. तीच गेली तर गाडीचा जो भाग त्याच्या सगळ्यात जवळून जाणार, तोच त्याला दिसत नाही. त्यात उसाचा हंगाम असला की मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर अशा ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्या वेळेत दिसल्या पाहिजेत, तर आपल्या दोन्ही लाइटी हव्यात.

बहुतेक जण थेट नवा बल्ब आणतात. कधी काम होतं, कधी शंभर-दोनशे रुपये वाया जातात. त्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करा, लाइट लावा आणि नेमकं काय बंद आहे ते पाहा: एक बाजू की दोन्ही? अप्पर (लांबचा झोत) की डिपर (जवळचा)? निम्मं निदान इथेच होतं.

काय बंद आहे, त्यावरून काय कळतं?

बऱ्याच छोट्या गाड्यांत एच४ प्रकारचा, ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा: एक अप्परची, एक डिपरची. मागे तीन पिना, त्यातली एक दोघींची सामाईक अर्थ. एका बाजूचा फक्त डिपर गेला आणि अप्पर चालू असेल, तर अर्थ ठीक आहे आणि बहुधा बल्बची एक तार तुटली आहे. काच आतून काळी किंवा धुरकट पांढरी दिसली तर शंकाच नको.

खात्री करायची बिनपैशाची युक्ती म्हणजे डावा-उजवा बल्ब अदलाबदल करणे. बिघाड बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर बल्ब खराब. बिघाड जागच्या जागी राहिला, तर बल्ब निर्दोष. दोष फ्यूज, होल्डर किंवा वायरमध्ये. आधी लाइट बंद करून बल्ब थंड होऊ द्या आणि काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं तर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

एका बाजूचे अप्पर आणि डिपर दोन्ही गेले, तर बल्बवर संशय कमी. दोन्ही तारा एकदम तुटत नाहीत असं नाही, पण क्वचित. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या लाइटला वेगळे फ्यूज असतात, ते आधी बघा. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा. उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदी गुंडाळून किंवा तार लावून काम भागवणं म्हणजे वायर जाळायची तयारी. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागते आहे. उंदरांनी कुरतडलेली वायरही त्यातलीच, बोनेट उघडून तेही पाहा.

दोन्ही बाजूंच्या लाइटी एकदम गेल्या, तर रिले किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच तपासावा लागतो. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो लावून बघता येतो. अर्थात, एक लाइट महिनाभरापूर्वीच गेली होती आणि दुसरी आज गेली, असंही खूपदा निघतं.

अर्थिंग: सगळ्यात जास्त चकवणारा दोष

डिपर लावल्यावर बल्बच्या दोन्ही तारा मंद, तांबूस जळतात, कधी डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही हलकासा पेटतो. असं दिसलं की अर्थ गेली समजा. करंटला बॉडीकडे जायची वाट नसते, म्हणून तो दुसऱ्या तारेतून वाट शोधतो. चिखल-पाण्यातून जाणाऱ्या गाडीत अर्थचा बोल्ट गंजतो. तो सोडवा, पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवा, पुन्हा घट्ट आवळा.

इथे मल्टीमीटरही फसवतो. वायरचा एकच धागा शाबूत असला तरी बल्ब काढून मोजल्यावर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्यापेक्षा जुन्या चालू बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प खरं सांगतो. मीटरच वापरायचा तर बल्ब चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थ पिनपर्यंत मोजा. आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थ खराब.

होल्डर तपकिरी पडलाय किंवा वितळलाय? मग कुणीतरी १००/९० चे बल्ब बसवले असतील. ६० वॅटला साधारण ५ अँपिअर लागतात, १०० ला ८ हून जास्त. मूळ होल्डर आणि वायर त्यासाठी नसतात. होल्डर बदलल्याशिवाय नवा बल्ब टिकणार नाही.

हे सगळं हॅलोजनचं. एलईडी असेल तर फ्यूज आणि कपलर बघून थांबा. झेनॉनमध्ये दिवा पेटताना हजारो व्होल्ट तयार होतात, तिथे हातच घालू नका.

रस्त्यातच उजवी लाइट गेली आणि दोष बल्बचाच असेल, तर डावीकडचा चांगला बल्ब काढून उजवीकडे बसवा आणि सावकाश गाव गाठा. गाडीची मधली कड तरी समोरच्याला दिसेल. घरी आल्यावर नवा बल्ब घाला आणि पुन्हा भिंतीसमोर उभे राहा. एक झोत वर गेलेला दिसला तर बल्बचे कान खाचेत नीट बसलेले नाहीत. काढून परत बसवा.