तमाशाच्या फडातील वादक

ढोलकी फडाच्या तमाशातील साथीदारांचा ताफा. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात संगमनेर हे या परंपरेचे मोठे ठिकाण. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) इथलेच, आणि कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांचा फडही इथलाच. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज हा मूळ संच. गणाआधी, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनाआधी, ढोलकी-हलगीची सलामी झडते. तुणतुणे सूर धरते, मागचे सुरते (साथीचे गायक) ध्रुपद उचलतात. ढोलकीवाल्याची नजर मात्र नाचणारीच्या पावलांवर असते: ती तोडा कुठे संपवणार, हे त्याला आधी कळावे लागते. समोर स्वरलिपी नसताना रात्रभर हे सावधपण टिकवणे, हीच त्याची खरी विद्या. पुढे पेटी, क्लॅरिनेट आणि अलीकडे कीबोर्ड, ऑक्टोपॅड फडात आले.