मुक्ति आणि खंडणी

मांजरीच्या स्टेशनावरून सोलापुराकडे जाणाऱ्या गाडींत बसलें, म्हणजे दौंड येण्यापूर्वीं केडगांव लागतें. पंडिता रमाबाईंचें 'मुक्ति' तें हेंच. हें नांव आपल्या कानांना इतकें सरावाचें झालें आहे कीं, त्याचा ख्रिस्ती अर्थ काय, हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाहीं. आपण मुक्ति म्हटली म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका समजतों. ख्रिस्ती भाविकाच्या मनांत मात्र त्या शब्दाबरोबर कोणीतरी भरलेली किंमत उभी राहते.

मराठी शुभवर्तमानांत येशूच्या मरणासंबंधानें 'खंडणी' हा शब्द आलेला आहे. जन्मभर इतिहास शिकविलेल्या मास्तराला तो खटकल्यावांचून राहत नाहीं. खंडणी दुबळ्यानें द्यावयाची आणि प्रबळानें घ्यावयाची, ही आमची बखरींतली समजूत! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलामाच्या अथवा युद्धकैद्याच्या सुटकेसाठीं भरलेलें मोल असा आहे. म्हणजे येथें जो बांधलेला नाहीं तो भरतो, आणि भरतो तेंही आपल्या प्राणानें. हें मोल कोणाच्या पदरांत पडलें, याविषयीं युरोपांत शतकानुशतकें खल झाला. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मनें यावर ग्रंथ लिहून ईश्वरी न्यायाचें ऋण फेडण्याची उपपत्ति मांडली. पुढें आबेलारनें त्या मरणांत प्रगटलेल्या प्रेमावर भर दिला. या वादांत मला फारशी गति नाहीं. रमाबाईंना हा अर्थ कसा उमगला, तें सांगणें मला अधिक सोपें वाटतें.

१८७४ सालच्या सुमारास मद्रासकडील दुष्काळांत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई व बहीण अशीं तिन्हीं माणसें गेलीं. उपाशीपोटीं हिंडणें म्हणजे काय, हें त्यांनीं पुस्तकांतून वाचलेलें नव्हतें. १८८३ मध्यें त्या इंग्लंडांत गेल्या. तेथें फुलहॅम येथें, समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी मायेनें वागवितात, हें त्यांनीं पाहिलें. असें करण्यास तुम्हांस कोण सांगतो, असें बाईंनीं विचारलें, तेव्हां त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकावयास मिळाली. सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण पंडिताच त्या! ज्यांनीं बाप्तिस्म्याची वाट दाखविली, त्यांच्याशींच त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनीं पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. पुढें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो मिळावयास आणखी कित्येक वर्षें जावीं लागलीं. इतका प्रामाणिक कबुलीजबाब कोणत्याही धर्मांत विरळा.

मुंबईस १८८९ त स्थापिलेलें शारदासदन पुढच्या वर्षीं पुण्यास आलें. १८९३ त मुलींच्या धर्मान्तराच्या शंकेवरून गहजब उडाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. तो सारा इतिहास सुपरिचित आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील वार्ता कानीं पडतांच बाई स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सांपळे झालेल्या, कांहीं तर दुष्टांच्या हातीं सांपडलेल्या अशा सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेगची धामधूम. एवढ्या माणसांस शहरांत ठेवण्याची मनाई झाली. तेव्हां केडगांवच्या शेतावर आसरा उभा राहिला. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारें दीड हजारांवर गेली. पतितांसाठीं तेथें निराळें 'कृपासदन' होतें. फुलहॅमला पाहिलेलें बाई विसरल्या नव्हत्या.

येथें एक प्रश्न टाळतां येत नाहीं. अन्न देऊन धर्म दिला, असा आक्षेप तेव्हां होता व आजही ऐकूं येतो. मुक्तींतील पुष्कळ मुलींनीं बाप्तिस्मा घेतला, हें खरें. जिनें घांस भरविला, तिच्या देवाला नाहीं म्हणण्यास ती मुलगी कितपत मोकळी होती? ज्या मुक्तीनें ऋणको निर्माण होतो, ती पुरती मुक्ति नव्हे, असें मला वाटतें. आणि खंडणीच्या त्या ख्रिस्ती अर्थालाही हेंच धरून आहे, कारण भरणारानें तेथें परतफेड मागितलेली नाहीं. परंतु आक्षेप घेणारांपैकीं किती जण त्या दुष्काळांत मुली आणावयास गेले होते, हेंही विचारलें पाहिजे. बाईंच्या बाजूनें मी इतकेंच म्हणेन कीं, त्यांनीं दिलेलें मोल दुसऱ्याच्या खिशांतलें नव्हतें.

किंबहुना त्यांतील एक वांटा त्यांच्या मुलीनें भरला. मनोरमाबाई शिकल्यासवरलेल्या, मुक्तीच्या कामांत त्यांनीं स्वतःला झिजविलें आणि १९२१ च्या जुलैंत, चाळिशींतच, त्या गेल्या. आईच्या त्यागाची खंडणी लेकीनें भरावी काय, याचें उत्तर मला सांपडलेलें नाहीं.

रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहींत. खेड्यांतल्या बायकांना समजावें म्हणून सोप्या मराठींत संबंध बायबल उतरविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें होतें. त्यासाठीं हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या होत्या. त्या ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. मुक्तीच्याच छापखान्यांत, तेथल्याच मुलींच्या हातांनीं जुळविलेल्या खिळ्यांतून, तें बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें.