कैद्याचे कसब आणि गावाची वेस

यवतमाळला लागून लोहारा गाव आहे. १९३० सालच्या जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि त्याच महिन्यात लोहाऱ्याच्या रानातही सरकारी मनाई मोडून गवत कापले गेले. सत्याग्रहींना शिक्षा झाल्या. काहींची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली. तुरुंगवास हा त्यांच्या नावाला चिकटलेला मान ठरला.

त्या दिवसांत तुरुंगांतून मराठीला मोठे धन मिळाले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. शिक्षक बंधूंना हे सांगायला नकोच. पण त्याच भिंतींच्या आत दुसराही एक कैदी होता. बांधावरून भांडण झाले, रागाच्या भरात कुऱ्हाड चालली आणि जन्मठेप होऊन आत आला, असा. त्याच्याही हातून काही घडत होते. आज बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तुरुंगांतून कारखाने काढले. पुण्याजवळच्या येरवड्याला गालिचे होऊ लागले आणि ते नावाजले गेले. गालिचा म्हणजे काही सतरंजी नव्हे. उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारायची, ओळ ठोकून बसवायची, मग कात्रीने लव सारखी करायची. महिनोन् महिने काम चालते. एक गाठ चुकली तर फूल बिघडते. ज्या हातांनी एका क्षणात होत्याचे नव्हते केले, त्याच हातांना हा धीर शिकावा लागला!

आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी तर व्हिक्टोरिया राणीसाठी एक अवाढव्य गालिचा विणला. विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात तो अंथरलेला असतो. १९९२ साली राजवाड्याला आग लागली, तेव्हा सैनिकांनी तो गुंडाळून बाहेर काढला. गालिच्याची एवढी काळजी! विणणाऱ्यांची नावे मात्र त्याच्याबरोबर राजवाड्यात गेली नाहीत.

या कारखान्यांवर टीकाही झाली. जॉर्ज बर्डवुड हा हिंदुस्थानच्या कलांचा मोठा अभ्यासक. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने तक्रार केली, की तुरुंगातल्या गालिच्यांमुळे बाहेरच्या विणकरांचा धंदा बसतो आणि जुन्या नक्षीचाही कस जातो. तक्रार खोटी नव्हती. कैद्याला मजुरी जवळजवळ नाहीच, मग मोकळा विणकर त्याच्याशी स्पर्धा कशी करणार? म्हणजे कैद्याचे कसब बाजारात गेले, तेही दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय देऊन. कसबाला किंमत आली, कसबी माणूस होता तिथेच राहिला.

याहून निराळा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते स्वतः चित्रकार होते आणि औंधला त्यांनी कलेचे संग्रहालय उभारले. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर, जो इथे येऊन भारतानंद झाला, त्याच्या साहाय्याने १९३९ साली त्यांनी आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत वसवली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाचे नाव स्वतंत्रपूर! उंच भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्याने शेती करावी, बायकापोरांसह राहावे. आत आलेले लोक किरकोळ चोरटे नव्हते, खुनाची शिक्षा झालेलेही त्यांत होते. माझ्या मते येरवड्याच्या मागापेक्षा हे पाऊल मोठे, कारण इथे माल पुढे आणि माणूस मागे असे राहिले नाही.

या वसाहतीची हकिकत सर्वदूर पोचवली ती कलावंतांनी. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. सहा खुनी आणि एक जेलर, ओसाड जमीन. पिकवलेली भाजी घेऊन कैदी बाजारात जातात, स्वस्त विकतात आणि व्यापारी चिडून उठतात. बर्डवुडची तक्रारच पुन्हा उभी राहिली म्हणा ना! फरक एवढाच, की भाजी घेणाऱ्या बाईला समोर कैद्याचा चेहरा दिसतो.

१९४८ साली औंध विलीन झाले, वसाहत टिकली. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. आपल्या वऱ्हाडातही अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुले कारागृह आहे आणि तिथले कैदी शेती करतात. पण शिक्षा संपलेल्या माणसाला शेतमजुरीला बोलवायचे की नाही, त्याच्या मुलाला शाळेत कोणत्या नावाने हाक मारायची, हे तिथे ठरत नाही. ते लोहाऱ्यासारख्या गावात ठरते, बहुधा पारावर, आणि तो माणूस तिथे नसताना.