25पैकी 25 आणि 13पैकी 0

"तू पेपरवाला ना? मग माझा पेपर लिहायला बस."

गोरेगावातले आमचे एक ओळखीचे पशुवैद्य. वय सत्तरीकडे झुकलेलं. आरे, गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेल्यांत उभं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी मनावर घेतलं की आपला अनुभव एका शास्त्रीय नियतकालिकाला लेख म्हणून पाठवायचा. मी म्हटलं, डॉक्टर, मी बातम्या लिहितो, संशोधन नाही. तर म्हणाले, "फरक काय आहे रे?"

त्या 'फरक काय'चं उत्तर शोधता शोधता ही पोस्ट झाली. लांब आहे, पण आपल्याच भागातल्या म्हशींपासून सुरू होते. सवडीने वाचा.

डॉक्टरांचं म्हणणं असं. 2006पर्यंत म्हशीला ताप आला, पाय सुजला, कासदाह झाला (आपण ज्याला 'दगडी' म्हणतो) की ते डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देत. सगळेच देत. स्वस्त, आणि संध्याकाळपर्यंत म्हैस उभी. मग गिधाडं मरतात म्हणून ते बंद झालं आणि मेलॉक्सिकॅम आलं. "नवीन औषध कमी पडतं. माझ्याकडे पुरावा आहे," असं म्हणून त्यांनी वह्यांचा गठ्ठा समोर ठेवला. तारीख, तबेला, म्हशीची खूण, लक्षणं, औषध. सगळं सुंदर अक्षरात. आणि शेवटी लाल शाईत : 'उतार नाही'.

मी पानं उलटत गेलो. लाल शाई, लाल शाई, लाल शाई. मग सहज विचारलं, "डॉक्टर, आणि ज्या बऱ्या झाल्या त्या कुठे आहेत?"

"त्या कशाला लिहायच्या? त्या बऱ्या झाल्या ना!"

एवढं बोलले आणि स्वतःच गप्प झाले. मग उठून कपाटातून एक जुनी झेरॉक्स काढली. 2004 सालच्या 'नेचर' नियतकालिकातला लेख. म्हणाले, "हे माहीत असून मी असं बोललो बघ."

त्या झेरॉक्सची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिची सुरुवात आपल्या मुंबईतल्या एका संस्थेपासून होते.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस. स्थापना 1883. तिचं गोरेगावचं निसर्ग केंद्र फिल्म सिटीच्या वाटेवर आहे, आपल्यातल्या अनेकांनी मुलांना तिथे नेलंही असेल. या संस्थेचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी 1980च्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडांची घरटी मोजली होती. 350हून जास्त भरली. दहाएक वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजणी केली तर निम्मीही उरली नव्हती, आणि झाडांवर माना टाकून बसलेली, मेलेली गिधाडं दिसत होती. त्यांनी हे 1999मध्ये संस्थेच्या जर्नलमध्ये छापलं. मधल्या काळात गिधाडं कमी झाल्याचं गावोगावी लोकांना जाणवतच होतं. पण 'हल्ली दिसत नाहीत हो' या वाक्यावर कुठलंही सरकार हलत नाही. विभू प्रकाश यांच्याकडे आधीची मोजणी होती. म्हणून नंतरच्या मोजणीला अर्थ आला.

आता प्रश्न, मरतात कशाने? पहिला संशय साथीच्या रोगावर होता. पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकी पशुवैद्य आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं उघडून बघत होते. बहुतेकांच्या पोटात अवयवांवर पांढरा थर, चुना फासल्यासारखा. ते युरिक ॲसिड. मूत्रपिंड निकामी झालं की पक्ष्यांत असं होतं. विषाणू तपासले, जिवाणू तपासले, कीटकनाशकं आणि जड धातू तपासले. काही सापडेना.

मग त्यांनी साधा विचार केला. गिधाड खातं काय? मेलेली गुरं. गुरांना देतात काय? त्यांनी जनावरांची औषधं विकणाऱ्यांकडे आणि डॉक्टरांकडे चौकशी केली. मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल आणि सर्रास वापरलं जातंय असं एक औषध पुढे आलं. डायक्लोफेनॅक.

इथे आपल्यासारखा पत्रकार असता तर त्या रात्रीच हेडिंग लावून मोकळा झाला असता. त्यांनी तसं केलं नाही. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली 25 गिधाडं तपासली. 25पैकी 25मध्ये औषधाचा अंश. आणि मग दुसऱ्याच कारणांनी मेलेली 13 गिधाडंही तपासली. 13पैकी 0.

डॉक्टरांनी त्या शून्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. कधी मारली त्यांनाही आठवेना.

त्या 13 पक्ष्यांचं महत्त्व लक्षात घ्या. औषध इतकं सर्रास होतं की ते प्रत्येकच गिधाडात सापडलं असतं, तर 25पैकी 25 या आकड्याला काडीची किंमत उरली नसती. उद्या कोणी म्हणेल, मेलेल्या सगळ्या गिधाडांनी पाणी प्यायलं होतं. म्हणून पाणी विष ठरत नाही. गुन्हा सिद्ध झाला तो 25मुळे नाही, तर 25 आणि 13 शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. त्यानंतर औषध दिलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घालूनही पाहिलं. तोच आजार झाला. त्याच वर्षी भारत आणि नेपाळमधल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतही तोच संबंध दिसला.

"पण मी काही रोज देत नव्हतो," डॉक्टर म्हणाले. याचंही उत्तर 2004च्याच दुसऱ्या एका अभ्यासात आहे. गिधाडांची जी घट दिसत होती तेवढी व्हायला दर 130 ते 760 मढ्यांमागे एक विषारी मढं पुरेसं होतं. गिधाडं एका मढ्यावर थव्याने उतरतात, त्यामुळे एका जनावराचा हिशोब एका पक्ष्यावर थांबत नाही. डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या कुठल्या म्हशीचं मढं कुठवर गेलं हे कोणी सांगू शकत नाही. त्यांनी दिलं ते चांगल्या हेतूने दिलं, आणि तेव्हा ते कायदेशीर होतं.

पुढचं वेगाने झालं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही हे दाखवणारा अभ्यास 2006मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचं उत्पादन थांबवायला सांगितलं. लेख छापून आल्यापासून दोन-सव्वादोन वर्षांत बंदी! तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या तबेल्यांत जातच राहिल्या, म्हणून 2015मध्ये त्या 3 मिलीच्या एका डोसापुरत्या मर्यादित कराव्या लागल्या. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटल्याची नोंद पुन्हा बीएनएचएसच्याच जर्नलमध्ये आहे. मलबार हिलच्या डुंगरवाडीत तर पारशी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची अंत्यविधीची रीतच अडचणीत आली.

आणखी थोडं मागे जाऊ. बीएनएचएसचं जर्नल सुरू झालं 1886मध्ये. त्याच वर्षी परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, आज ज्याचा एक परिसर आपल्या गोरेगावातही आहे. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. हा माणूस कॉलेज काढण्याआधीच, 1880च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्रेडरिक स्मिथ यांच्यासोबत भारतातल्या पशुवैद्यांसाठी एक त्रैमासिक काढून बसला होता. म्हणजे कॉलेजच्या आधी जर्नल!

याच स्टील यांची एक चूक मला फार आवडली. घोडे आणि उंटांना होणाऱ्या 'सर्रा' रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880मध्ये डेरा इस्माईल खान भागात रक्तात पाहिला होता. वरच्या अधिकाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे स्टील यांनी ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांत तोच जंतू पाहिला, निरोगी जनावरांना टोचून रोग होतो हे दाखवलं आणि इव्हान्स यांचं नाव त्याला दिलं. मात्र जंतूची जात चुकवली. त्यांना तो स्पायरोकीट वाटला, निघाला ट्रिपॅनोसोम. पण काय केलं, कसं केलं, काय दिसलं हे त्यांनी लिहून ठेवलेलं असल्यामुळे नंतरच्यांना चूक दुरुस्त करता आली. इव्हान्स यांचं नाव त्या जंतूला आजही आहे. लिहिलेली चूक दुरुस्त होते. वहीत बंद राहिलेलं बरोबरही मातीमोल होतं.

तर आता डॉक्टरांचा लेख.

जुना मसुदा आम्ही बाजूला ठेवला. त्याचं शीर्षकच निकाल लावून मोकळं झालं होतं. नियतकालिकाच्या सूचना वाचायला बसलो तेव्हा कळलं की 'साहित्य आणि पद्धती' हा भाग सर्वांत रटाळ वाटतो आणि सर्वांत महत्त्वाचा तोच असतो. वहीत 'दिलं 15 सीसी' असं होतं. किती तीव्रतेचं? म्हशीचं वजन किती, म्हणजे किलोमागे किती मिलिग्रॅम? 'उतार' म्हणजे नेमकं काय, ताप उतरला की चारा खाल्ला? दुसरा डॉक्टर हे वाचून तसंच करून बघू शकला पाहिजे. तबेलेवाल्यांची संमती, त्यांची नावं झाकणं, आजवर कुठल्या औषध कंपनीचे पैसे घेतले का, हेही लिहायचं. मध्येच एका अनोळखी जर्नलची मेल आली : चार दिवसांत छापतो, फक्त फी भरा. डॉक्टर हसून म्हणाले, "चार दिवसांत तर म्हशीचं निदान पण होत नाही नीट."

पण मूळ अडचण तशीच. बऱ्या झालेल्या म्हशी आणायच्या कुठून?

तोडगा काकूंनी काढला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "फीच्या वह्या बघितल्या का?" माळ्यावर त्या सापडल्या. डॉक्टरांच्या व्हिजिटची फी काकू लिहून ठेवायच्या. प्रत्येक तबेला, प्रत्येक म्हैस, प्रत्येक फेरी. बरी झालेली, न झालेली, सगळ्या. कारण पैसे सगळ्यांचेच घ्यायचे होते! शास्त्रासाठी ठेवलेल्या वह्यांत फक्त अपयश होतं, आणि हिशोबासाठी ठेवलेल्या वह्यांत अख्खा तबेला.

सध्या दोन्ही वह्या जुळवायचं काम चालू आहे. दर रविवारी मी टाइप करतो, डॉक्टर तारखा वाचतात, काकू त्यांचं अक्षर लावून देतात. निष्कर्ष काय निघेल ते मोजणी संपल्यावर. "माझं खोटं निघालं तरी पाठवायचं," असं डॉक्टरांनी मला बजावलंय.

आणि 'फरक काय'चं उत्तर? मी वीसेक वर्षं बातम्या लिहितोय. बिबट्या दिसला, बातमी. कुत्रा चावला, बातमी. इंजेक्शननंतर रुग्ण दगावला, बातमी. प्रत्येक वेळी मी 25 मोजले. 13 कधी मोजलेच नाहीत. माझ्या कात्रणांची फाइल म्हणजे डॉक्टरांची लाल शाईची वहीच आहे. यापुढे निदान विचारीन तरी : असं किती ठिकाणी झालं नाही?

आपल्या भागातले तबेले उठत चाललेत. जुने पशुवैद्य थकलेत. कोणाच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या अशा वह्या असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. फीची वहीसुद्धा.