कल्ल्यांची कुळकथा

सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) यांची छायाचित्रं त्यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी काढली. त्यांत निजामांची हनुवटी गुळगुळीत दिसते आणि दाट कल्ले कानापासून थेट मिशीला जाऊन भिडलेले. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा त्यांच्याच राज्यात होता.

हीच ठेवण अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती ॲम्ब्रोज बर्नसाइड याची. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला त्याचा दारुण पराभव झाला, पण त्याच्या आडनावाची उलटापालट होऊन ‘साइडबर्न’ जगभर पोचला.

आपल्याकडे कल्ले त्याहून फार जुने. सतराव्या शतकातल्या लघुचित्रांत शिवाजी महाराजांचे कल्ले टोकदार दाढीकडे उतरताना स्पष्ट दिसतात. नांदेडची गोष्ट आणखी वेगळी. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये इथंच महानिर्वाण झालं. केसांना वस्तरा न लावण्याचा नियम पाळणाऱ्या इथल्या शिखांपुढे कल्ले कुठं संपवायचे हा प्रश्नच येत नाही.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा घट्ट बसायला हवा म्हणून सैनिकांनी गाल साफ केले. जिलेटच्या रेझरनं घरच्या घरी दाढी सोपी केली. कल्ले आखडले.

ते पुन्हा लांबले ते पडद्यावर. ‘दीवार’ आणि ‘शोले’ एकाच वर्षी, १९७५ मध्ये आले. अमिताभचे कान झाकणारे केस आणि खाली उतरलेले रुंद कल्ले तरुणांनी उचलले. मराठीत त्याच सुमारास ‘झुंज’मधून रवींद्र महाजनी आले.

खरी कसोटी मात्र दाढी-कटिंग करणाऱ्या कारागिराची. "कल्ले किती ठिवू, मामा?" एवढं विचारून तो कंगव्यानं केस सरळ खाली ओढतो, पाण्याचा हात फिरवतो. माप कानावरून घेतलं तर फसतं, कारण दोन्ही कान सहसा एका उंचीवर नसतात. म्हणून जाणता कारागीर गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतो, दोन्ही कल्ल्यांच्या टोकांना एकेक बोट टेकवतो आणि आरशात पाहून पातळी ठरवतो. मग अंगठ्यानं कातडी वर ताणून वस्तऱ्याची एकच खालची ओढ. दुसऱ्यांदा फिरवावा लागला की एक बाजू आखूड होते, ती जुळवता जुळवता दोन्ही वर सरकत जातात. गोल चेहऱ्याला थोडे लांब, अरुंद कल्ले खुलतात. उभट चेहऱ्याला आखूड. हे डोळ्यानंच कळतं, आणि ही नजर यायला वर्षं लागतात.

आता वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लागतं, शेजारी ट्रिमर घुमतो. कोरीव दाढी ठेवणाऱ्या पोरांच्या कल्ल्याला खालचा काठ उरलेलाच नाही. कानाच्या वर झिरो, मग एक नंबर, मग दोन, असं वाढवत कारागीर तो दाढीत मिसळून देतो, आणि मध्ये कुठं रेघ दिसली तर पुन्हा मशीन हातात घेतो.