हमी नक्की कोणाला?

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा आहे, पण बोईसर-तारापूर एमआयडीसीत छोटं युनिट चालवणाऱ्याचं घर त्यावर अवलंबून असू शकतं. विषय आहे 'क्रेडिट गॅरंटी'चं भाषांतर.

योगायोग बघा. 1 जुलै 1960 ला लघुउद्योगांच्या कर्जांसाठी केंद्राची गॅरंटी योजना सुरू झाली, रिझर्व्ह बँकेमार्फत. पाचच दिवसांनी, 6 जुलैला, महाराष्ट्राचं भाषा संचालनालय स्थापन झालं. म्हणजे योजना आणि तिला मराठी नाव देणारं खातं एकाच वयाचे!

खरं तर मराठीत शब्द होताच : 'जामीन राहणे'. मूळ अरबी. त्यात तिघं स्पष्ट दिसतात... घेणारा, देणारा आणि बुडालं तर भरणारा. 1872 च्या करार कायद्यातही हेच तिघं आहेत. पण आता जामीन म्हटलं की कोर्टच आठवतं, त्यामुळे सरकारी मराठीत 'हमी' रुळला. गोड शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं, सरकारने माझी काळजी घेतली.

इथेच गडबड होते. 2000 साली केंद्र सरकार आणि सिडबीने सुरू केलेल्या ट्रस्टची (आजचा सीजीटीएमएसई) हमी बँकेला असते. तारण न देता कर्ज मिळतं, हा कर्जदाराचा फायदा खराच. पण हप्ते थकले तर ट्रस्ट बँकेचं ठराविक नुकसान भरून देतो, कर्ज माफ होत नाही. बँकेची वसुली चालूच राहते.

जर्मन भाषांतरकाराला ही पळवाट नाही. 'ब्यूर्गशाफ्ट' म्हणजे मूळ कर्जाला बांधलेला जामीन, 'गारंटी' म्हणजे स्वतंत्र वचन. कायद्याने दोन्ही वेगळे, निवड करावीच लागते. शिवाय तिथली सरकारी बँक केएफडब्ल्यू 'हाफ्टुंग्सफ्रायष्टेलुंग' म्हणते : जबाबदारीतून सुटका. कोणाची? कर्ज देणाऱ्या बँकेची! 2020 च्या कोरोनात दोन्ही देशांनी 100 टक्के हमीची कर्जं आणली. आपल्याकडे ती 'सरकारी मदत' म्हणून ऐकू आली. फेडायची मात्र होतीच.

आम्हा प्रोग्रामर लोकांचा साधा नियम आहे : फंक्शनच्या नावावरून ते काय करतं ते कळलं पाहिजे. मग फॉर्मवर नुसतं 'कर्ज हमी योजना' का? 'बँकेस हमी, कर्जफेड कर्जदाराची' असं छापा की. चार शब्द जास्त लागतील, पण सही करणाऱ्याला कळेल तो कशावर सही करतोय. :)