परतीचा कायदा

१९४७ च्या फाळणीत पंजाबात दोन्ही बाजूंनी हजारो स्त्रिया व मुले पळवून नेण्यात आली. ती परत करण्याचे भारत व पाकिस्तान यांच्यात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ठरले. आपल्याकडे १९४९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. या कार्याची धुरा मृदुला साराभाईंनी वाहिली. दोन्ही देश मिळून सुमारे ३० हजार जण परत पाठवले गेले. हे कार्य मोठे होते, यात शंका नाही.

तथापि, कायद्याची कलमे वाचताना मन थबकते. मुस्लिम कुटुंबापासून ताटातूट झालेला १६ वर्षांखालील मुलगा वा कोणत्याही वयाची स्त्री म्हणजे 'अपहृत व्यक्ती'. १ मार्च १९४७ नंतर अशा स्त्रीला झालेले मूलही त्यातच. पोलिसांनी वॉरंटाशिवाय ताब्यात घ्यावे, वाद उद्भवल्यास न्यायाधिकरणाने निर्णय द्यावा. जिला न्यायचे तिच्या संमतीची अट मात्र कोठेही नाही. १९५१ मध्ये सुमारे १२ वर्षांची एक मुलगी अशीच ताब्यात घेतली गेली. उच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो वैध ठरवला. १९५७ मध्ये त्याची मुदत संपली.

फाळणीच्या वेळी सहा वर्षांचे असलेले मूल १९५१ मध्ये दहा वर्षांचे झाले होते. जन्मदात्यांचे चेहरे त्याला कितपत आठवत असतील? हिरावलेले मूल परत करणे हे शासनाचे कर्तव्यच होय. पण त्याला काही न विचारता केलेली परतपाठवणी त्याच्या वाट्याला दुसरी ताटातूट म्हणूनच येते.